वर्गात न मावणारं वाक्य

शाळेच्या उपमुख्याध्यापकांना मुलं 'जोडारी' म्हणत. कारखान्यातला जोडारी लोखंडाचे भाग एकमेकांत बसवतो आणि मग यंत्र चालू लागतं. हा जोडारी वाक्यं जोडायचा आणि मग ती चालेनाशी व्हायची. इंग्रजीत लिहिलेली दोन सुटसुटीत वाक्यं शेजारी शेजारी दिसली की त्याच्या हाताला खाज सुटे. लाल पेन निघे, मध्ये एक 'हू' नाहीतर 'विच' ठोकला जाई, आणि दोन धडधाकट वाक्यांचं मिळून एक लंगडं वाक्य तयार होई. "लहान वाक्यं लहान मुलांची," असं तो म्हणे. जणू शाळेत म्हातारे शिकायला येत होते.

सहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी त्याला मनातल्या मनात 'अहो-जाहो' करायचं कधीच सोडून दिलं होतं. तोंडावर मात्र त्या 'सर' म्हणत. म्हणताना त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा होई, एवढंच.

मुलांपाशी बाईंचा धीर अथांग होता. एखाद्या पोराने तीच चूक दहा वेळा केली तर त्या अकराव्यांदाही पहिल्यांदा सांगावं तसं सांगत. पण देवाने तो सगळा धीर मुलांच्या वाट्याला दिला होता. मोठ्यांसाठी चिमूटभरही शिल्लक ठेवला नव्हता.

एका सकाळी शाळेच्या प्रत्येक वर्गात आणि प्रत्येक जिन्यापाशी चकचकीत चौकटीतली एक पाटी लागली. शाळेला आग लागली तर काय करायचं, याची ती सूचना. लेखक अर्थातच जोडारी. पाटीवर इंग्रजीतलं एकच वाक्य होतं. आपल्या भाषेत आणायचं म्हटलं तर ते साधारण असं होई: ज्या विद्यार्थ्यांना ही शाळा, जिची इमारत त्या माननीय समितीच्या मार्गदर्शनाखाली, जे आम्हाला अखंड लाभत आले आहे, उभी राहिली, आपले दुसरे घर वाटते, आणि ज्यांनी ती घंटा, जी अशा प्रसंगी, जो कोणावरही येऊ नये, वाजवली जाईल, ऐकली असेल, त्यांनी बाहेर पडावे.

बाईंनी शिक्षकांच्या खोलीत चष्मा पुसून ती पाटी दोनदा वाचली.

"सर, यात क्रियापद कुठाय?"

"शेवटी आहे. जरा धीर धरा, बाई."

"मी धरीन. आग धरेल का?"

भूगोलाच्या सरांना चहाचा ठसका लागला. जोडाऱ्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ठसका आपोआप थांबला.

"बाई, इंग्रजी ही भारदस्त भाषा आहे. तिच्यात उपवाक्यं लागतात. तुमच्या वर्गातली मुलं तीन-तीन शब्दांची वाक्यं लिहितात, माझ्या कानावर आलंय."

"लिहितात. आणि वाचणाऱ्याला कळतात. मला उपवाक्याचं वावडं नाही हो. पण तुमचं हे नमनालाच घडाभर तेल झालं. दिवा लावायला थेंब उरला नाही."

"आणखी एक," जोडारी सगळ्यांना उद्देशून म्हणाला. "घंटा झाली की प्रत्येक वर्गाने उभं राहून सूचना एका सुरात, मोठ्याने, शेवटपर्यंत वाचायची. अडखळलं तर पुन्हा पहिल्यापासून. सूचना पूर्ण वाचल्याशिवाय हलायचं नाही. अर्धवट वाचून धावणं ही बेशिस्त आहे."

उंटावरच्या शहाण्याला निदान उंट तरी असतो, असं बाईंच्या ओठावर आलं होतं. पण तास वाजला आणि त्या वर्गाकडे गेल्या. वर्ग वाट पाहत असला की बाईंना भांडणसुद्धा नकोसं होई.

जोडारी मात्र तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेला. आता हे मुख्याध्यापक म्हणजे बाईंचे धाकटे दीर. एकाच घरात दोघं भाऊ राहत, स्वयंपाक एकत्र होई. शाळेत ते बाईंना 'बाई' म्हणत, घरात 'वहिनी'. स्वभावाने वाईट नव्हते. फक्त जो शेवटचा बोलून जाई, त्याचं त्यांना पटे. त्या दिवशी शेवटचा जोडारी बोलून गेला होता.

संध्याकाळी ताटावर बसल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"वहिनी, सुट्टीनंतर सहावीचं इंग्रजी उपमुख्याध्यापक घेतील म्हणतात. तुमचंही वय झालं. तुमच्याकडे नकाशांची खोली देऊ. पृथ्वीगोल आहेत, मोडके फळे आहेत. निवांत काम."

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. याआधी दोन वर्ग असेच 'निवांत' म्हणून काढून घेतले होते. सहावी हा शेवटचा. पोरांशिवायची शाळा म्हणजे त्यांच्या लेखी नुसत्या विटा.

"म्हणजे अडगळीची खोली," बाईंचे यजमान म्हणाले. ते घड्याळं दुरुस्त करत आणि फार कमी बोलत. "अडगळीत अडगळ."

"तसं नाही हो दादा."

"भाऊजी," बाई शांतपणे म्हणाल्या, आणि त्या शांत झाल्या की घरातली माणसं सावरून बसत, "माझ्या वर्गाचा गुन्हा काय?"

"त्यांना मोठी वाक्यं झेपत नाहीत म्हणे. असं करू. पुढच्या आठवड्यात अग्निशमन दलाचे अधिकारी सराव पाहायला येणार आहेत. घंटा होईल, वर्ग सूचना म्हणतील. तुमच्या वर्गाने ती न अडखळता, अर्थ समजून म्हणून दाखवली, तर वर्ग तुमच्याकडेच."

"अर्थ समजून? ही अट सगळ्या वर्गांना आहे का?"

मुख्याध्यापकांनी पाण्याचा पेला उचलला.

"तुम्हाला समजली का, भाऊजी?"

"मी... सही केली आहे."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या.

बाईंची उपवाक्यं शिकवायची एक रीत होती. वर्गातली मुलंच शब्द होत. एक मुलगा 'पेन्सिल' म्हणून उभा राही. त्याच्यामागे दुसरी मुलगी येई, 'जी तुटली आहे' म्हणून, आणि त्याचा शर्ट मागून धरी. "आपल्या भाषेत आपण आधी सांगतो, जी तुटली आहे ती," बाई समजावत. "इंग्रजीत आधी माणूस पुढे होतो, आणि मग त्याची शेपटी मागून येते. म्हणून शेपटीने नेहमी विचारायचं: मी कोणाचा शर्ट धरलाय? ज्याचा धरला, त्याच्याबद्दलच बोलायचं. दुसऱ्याचा धरलात की घोटाळा."

पुढे आणखी एक गंमत होती. पेन्सिली पुष्कळ असतील आणि त्यातली नेमकी एकच हवी असेल, तर शर्ट घट्ट मुठीत धरायचा. शेपटी सुटली तर कोणती पेन्सिल ते कळणारच नाही. पण 'माझी आई, जी आत्ता कामावर आहे' असं म्हटलं, तर आई एकच. शेपटी सुटली तरी आई हरवत नाही. तिथे नुसता दोन बोटांनी पकडायचा; ती दोन बोटं म्हणजे दोन स्वल्पविराम. मुलं दिवसभर एकमेकांना विचारत फिरत, "ए, मूठ की दोन बोटं?"

आता ती पाटी आणायची होती वर्गात. बाईंनी फळ्यावर वाक्य लिहिलं आणि 'विद्यार्थी' म्हणून वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाला पुढे उभं केलं. मग एकेक जण मागे लागत गेला. 'शाळा' आली, तिच्यामागे 'इमारत', तिच्यामागे 'समिती'. समिती झालेली मुलगी फार ऐटीत उभी राहिली.

"बाई, आग समितीला लागलीय की शाळेला?"

"अजून कोणालाच नाही. पुढे चला."

"बाई, मी 'मार्गदर्शन' आहे. मी कोणाचा शर्ट धरू?"

"समितीचा."

"ती धरू देत नाहीये."

"समित्या देतच नाहीत. तू धर."

घंटेपर्यंत येता येता रांग भिंतीला लागली. वळून फळ्यापाशी आली, पुन्हा वळली, बाकांत अडकली. 'प्रसंग' झालेला मुलगा खिडकीवर चढून बसला. अजून क्रियापद यायचं होतं. मारुतीचं शेपूटसुद्धा रावणाच्या सभेत मावलं असेल, पण हे वाक्य सहावीच्या वर्गात काही मावेना.

"चला मैदानावर," बाई म्हणाल्या. "शर्ट सोडायचा नाही. पळायचं नाही. पळालं की वाक्य तुटतं."

क्रियापद कोणाला करायचं? वर्गात एक पिटुकली होती. घरी सगळ्यांत धाकटी, वर्गात सगळ्यांत बुटकी. घरी तिचं बोलणं सुरू होईपर्यंत भावंडांचं संपून दुसरा विषय निघालेला असे, म्हणून तिला न बोलायचीच सवय लागली होती. गेल्या महिन्यात तिने पहिल्यांदा स्वतःच्या मनाने तीन शब्दांचं एक इंग्रजी वाक्य लिहिलं होतं. ते जोडाऱ्याच्या हाती लागू नये म्हणून बाईंनी ती वही आपल्या कपाटात ठेवली होती.

"क्रियापद तू," बाईंनी तिला सांगितलं. "तू सगळ्यांत शेवटी. वर्गात कोणी राहिलं नाही बघायचं, दार ओढून घ्यायचं आणि निघायचं."

"म्हणजे मी वरातीमागून घोडं," पिटुकली पुटपुटली. हे तिला घरी ऐकायला मिळत असणार.

"अजिबात नाही. वरात कुठे निघाली आहे हे एकट्या तुलाच ठाऊक आहे. तू बोलेपर्यंत ही सगळी मंडळी नुसती शर्ट धरून उभी."

मग रोज तेच. बाई टाळी वाजवून म्हणत, "वाक्य!" मुलं उठत, आपापला शर्ट शोधत, आणि जिना उतरून वाक्य मैदानात जाई. तिथे अर्धगोल करून एकेक जण आपला शब्द म्हणे. शेवटी सगळे गप्प होत आणि पिटुकली सगळ्या ताकदीने ओरडे, "बाहेर पडावे!" इंग्रजीतून, अर्थातच. सुरुवातीला तिचा आवाज पाचव्या मुलापर्यंत पोहोचत नव्हता. आठवडाअखेर भूगोलाच्या सरांनी खिडकी लावून घेतली.

सरावाचा दिवस उजाडला. जोडाऱ्याने सगळं आखून ठेवलं होतं: अधिकाऱ्यांचं स्वागत, घंटा, सर्व वर्गांचं सामुदायिक वाचन, मग चहा. बाहेर पडण्याला या आखणीत जागाच नव्हती. सराव म्हणजे वाचन, असंच त्याच्या डोक्यात होतं, आणि मुख्याध्यापकांच्या डोक्यात जोडाऱ्याचं डोकं होतं.

अधिकारी मात्र कार्यालयात बसलेच नाहीत. जाडजूड, घामाघूम झालेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस. "मी मैदानात थांबतो," म्हणाले. "वाजवा घंटा."

घंटा घणघणली. सगळ्या खिडक्यांतून एकदमच आवाज उठला, "विद्यार्थ्यांनी, ज्यांना ही शाळा, जिची इमारत..."

बाईंच्या लेखी ही आग नव्हती, परीक्षा होती. पोरं अडखळली तर नकाशांची खोली. त्यांनी टाळी वाजवली.

"वाक्य!"

उंच मुलगा निघाला. शर्टामागे शर्ट लागला. जिन्यापाशी जोडारी हवेत हात हलवत सगळ्या वर्गांचा ताल सांभाळत उभा होता. समोरून गुपचूप रांग जाताना पाहून त्याचे हात हवेतच थिजले.

"बाई! सूचना संपलेली नाही! कुठे निघालात?"

"क्रियापदाकडे," बाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

मैदानावर मुलांनी अर्धगोल केला. सगळ्यात शेवटी पिटुकली धापा टाकत आली. उंच मुलगा पहिला शब्द म्हणणार, एवढ्यात अधिकारी तिच्यापुढे वाकले.

"आत कोणी राहिलं का गं?"

"नाही. मी शेवटची असते. दार मीच लावते."

"शाबास!" अधिकारी सरळ झाले आणि इमारतीकडे पाहू लागले. आतून अजून आवाज येत होता. सातवी 'समिती'पाशी अडखळली होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती. आठवीचा सूर 'मार्गदर्शना'पाशी पडला. कोणीच बाहेर येईना. "ही बाकीची पोरं प्रार्थना म्हणतायत काय? आग लागलीय म्हणून?"

मुख्याध्यापक लगबगीने आले. त्यांच्यामागून जोडारी. बाहेर आलेला एकमेव वर्ग आणि अधिकाऱ्यांचा खुललेला चेहरा पाहून दोघांनाही चटकन कळलं, की श्रेय कुठेतरी पडलंय आणि कोणीतरी ते उचलायला हवं.

"फार छान, फार छान," अधिकारी म्हणाले. "एकमेकांचे शर्ट धरून, न पळता, दार लावून. हे कोणी शिकवलं?"

"आमच्या सूचनेचंच हे फळ," जोडारी म्हणाला. "लिखित भाषेची ताकद."

"बाईंचाच वर्ग आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "बाई, अगदी अर्थ समजून हं!"

बाईंना कळलं, आता नुसतं गप्प बसलं की वर्ग आपला. पाटी भिंतीवर राहील, जोडाऱ्याच्या गळ्यात आणखी एक हार पडेल, पण सहावी आपल्याकडे राहील. आणि खरं सांगितलं तर? पोरं आगीसाठी बाहेर आलीच नव्हती. अधिकारी हे काही सराव म्हणून धरणार नाहीत. बाईंच्या जिभेने आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसांपुढे माघार घेतली.

पण अधिकारी पिटुकलीशीच बोलत होते. "आणि तुम्हाला ती एवढी लांबलचक सूचना इतक्या पटकन कळली कशी?"

पिटुकलीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी पाहिलं की सगळं वाक्य तिच्यासाठी थांबलंय, आणि तू बोलेपर्यंत सगळे थांबतात, हे तिला आपणच शिकवलंय. त्यांनी हळूच मान हलवली. म्हण.

"आम्ही बाहेर नाही पडलो," पिटुकली म्हणाली. "आम्ही वाक्य केलं."

"म्हणजे?"

"आम्ही सगळे शब्द आहोत. हा विद्यार्थी, ही समिती. मी क्रियापद. ते वाक्य वर्गात मावतच नाही, म्हणून आम्ही ते रोज इथे येऊन करतो." मग तिला काहीतरी आठवलं. "आग कुठेय?"

अर्धगोलात कोणीतरी फिसकन हसलं. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. अधिकारी हसले नाहीत. ते जोडाऱ्याकडे वळले.

"तुम्ही लिहिलीत ना पाटी? मला सांगा बरं, घंटा झाल्यावर पोरांनी काय करायचं."

"विद्यार्थ्यांनी," जोडारी ताठ होऊन सुरू झाला, "ज्यांना ही शाळा, जिची इमारत, जी—"

अधिकाऱ्यांनी जोरात शिट्टी फुंकली. ती ऐकून मात्र सगळी शाळा बाहेर आली, वाक्यबिक्य सोडून. ढकलत, ओरडत, एकमेकांच्या पायावर पाय देत. कोणाची तरी चप्पल जिन्यात राहिली आणि ती आणायला तो परत आत जायला निघाला, त्याला अधिकाऱ्यांनी दंड धरून थांबवलं.

"जे वाक्य वर्गात मावत नाही," ते जोडाऱ्याला म्हणाले, "ते भिंतीवर ठेवू नका. आजच्या आज उतरवा. आणि साहेब," हे मुख्याध्यापकांना, "पुढच्या वेळी मी न सांगता येईन. तोवर या बाईंना सगळ्या शाळेला असं बाहेर यायला शिकवू दे. यांचा वर्ग पुढे राहील."

चहा न घेताच ते निघून गेले.

त्या संध्याकाळी ताटं वाढून झाली. मुख्याध्यापकांनी पुन्हा घसा साफ केला.

"वहिनी, तो जो विषय, ज्याच्यासंबंधी आपण त्या दिवशी, म्हणजे जेव्हा मी ते जे म्हणालो होतो, जे अर्थात उपमुख्याध्यापकांच्या सूचनेवरून, जिच्यामागे—"

"भाऊजी," बाई म्हणाल्या, "आधी सगळ्यांचे शर्ट सोडा. क्रियापद आणा."

बाईंचे यजमान खाली मान घालून हसू लागले.

"...राहील," मुख्याध्यापक म्हणाले.

"काय राहील?"

"वर्ग. तुमच्याकडे."

"हं. आता जेवा, गार होतंय."

उतरवलेल्या पाट्या ठेवायला मोठी जागा लागली. त्या नकाशांच्या खोलीत गेल्या, आणि खोलीची किल्ली जोडाऱ्याकडे गेली. फार निवांत काम आहे, असं मुख्याध्यापकांनी त्याला सांगितलं.

नवी सूचना लिहायची होती. बाईंनी स्वतः लिहिली नाही. खडू पिटुकलीच्या हाती दिला. तिने फळ्यावर इंग्रजीत लिहिलं: बाहेर पडा. पळू नका. दार लावा. मग थांबली. वर्गात एक मुलगा कुबडी घेऊन येत असे. वाक्य करताना तो 'घंटा' असायचा. पिटुकलीने त्याच्याकडे पाहिलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. जो मित्र भरभर चालू शकत नाही, त्याचा हात धरा.

"बाई, सूचनेतसुद्धा शेपटी!" मागून कोणीतरी ओरडलं. "पुसायला सांगा."

"का गं," बाईंनी विचारलं, "हवीच का ती?"

"हवी," पिटुकली म्हणाली, अगदी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "नाहीतर कोणाचा हात धरायचा ते कसं कळणार?"

"मूठ की दोन बोटं?"

"मूठ," ती म्हणाली.

बाईंनी वह्या तपासायला काढलेलं लाल पेन पर्समध्ये ठेवून दिलं.